घोड्याच्या पायांची लाल-हिरवी किनार

काल रात्री एक जुनी फिल्म लागोपाठ तीनदा बघितली. १९११ साली राजा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणानिमित्त भरलेल्या दिल्ली दरबारानंतरचं लष्करी संचलन, आणि तेही रंगीत! लंडनचा चित्रपट-निर्माता चार्ल्स अर्बन याच्या माणसांनी किनेमाकलर पद्धतीने टिपलेल्या अडीच तासांच्या माहितीपटाचा हा उरलेला तुकडा. २ फेब्रुवारी १९१२ ला तो लंडनच्या स्काला थिएटरात लागला तेव्हा रंगमंचावर ताजमहालाचा देखावा उभारला होता. पुढे जवळजवळ सगळी रिळं नाहीशी झाली. हा तुकडा २००० साली रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या संग्रहात सापडला.

मला सगळ्यात भावलं ते हे, की या फिल्मवर रंगच नाही. हातात घेतली तर साधी कृष्णधवल पट्टी. जॉर्ज अल्बर्ट स्मिथने शोधलेल्या या पद्धतीत कॅमेऱ्यात लाल आणि हिरव्या गाळण्यांचं (फिल्टरांचं) चक्र फिरायचं. एक चौकट (फ्रेम) लाल गाळणीतून, पुढची हिरवीतून. दाखवतानाही प्रोजेक्टरला तसंच चक्र, सेकंदाला सुमारे ३२ चौकटी. रंग जुळायचा तो बघणाऱ्याच्या डोळ्यात. पण दोन चौकटींच्या मधे घोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या पायांना लाल-हिरवी किनार सुटते, छापील कापडावर ठसा हलल्यासारखी. जाणकार याला दोष म्हणतात. मला त्या किनारीमुळेच तो घोडा त्या दिवशी खरोखर धावलेला वाटला.

एक मित्र म्हणाला, साम्राज्याचा प्रचार आहे, बघायचा कशाला? प्रचार आहेच. पण इथली धूळ, इथलं ऊन, इथल्या माणसांचे पोशाख इतक्या लवकर रंगात टिपले गेले, ते राजासाठी टिपले म्हणून आपण का सोडायचे? कॅमेरा राजावर रोखला तरी चौकटीत इतरही येतात. याच दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड राजापुढे रीत मोडून एकदाच मान लववून पाठ फिरवून निघाले. कृष्णधवल वार्तापटात ते आजही दिसतं. मी तेवढा भाग किती वेळा बघितलाय!

आणि १९१२ च्या याच फेब्रुवारीत दादासाहेब फाळके सिनेमाचं तंत्र शिकायला बोटीने लंडनला निघाले होते. ते पोचले तेव्हा त्या शहरात दिल्लीचे रंग पडद्यावर झळकत होते, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

आपल्या फिल्म सोसायट्यांनी हा तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवावा, असं फार वाटतं. जमलं तर खरंखुरं चक्र लावून. मुलांना ते हाताने थांबवू द्यावं, म्हणजे सगळा पडदा नुसता लाल किंवा नुसता हिरवा होईल, आणि सोडलं की घोडे परत रंगीत.