कायसेदो कॉम्प्युटरने विकला नाही

फुटबॉलची ट्रान्स्फर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरावीक मुदत) उघडली की एक दावा हमखास फिरू लागतो: ‘स्काउटचे, म्हणजे मैदानावर जाऊन खेळाडू हेरणाऱ्यांचे, दिवस संपले. ब्रायटनवाले कॉम्प्युटरमध्ये आकडे टाकतात, स्वस्तात पोरं उचलतात, वीसपट भावाने विकतात. मधला सगळा निव्वळ नफा. कुठल्याही क्लबला जमेल.’ पुरावा म्हणून फुटबॉलपटू मोइसेस कायसेदोचं नाव. इंग्लंडच्या ब्रायटन क्लबने तो घेतला सुमारे 45 लाख पौंडांना, विकला 10 कोटींना, शिवाय दीड कोटीपर्यंतचे बोनस वेगळे.

आकडे बरोबर आहेत. गाळली आहेत ती मधली अडीच वर्षं.

कायसेदो फेब्रुवारी 2021 मध्ये इक्वाडोरहून आला तेव्हा 19 वर्षांचा होता. मग बेल्जियमच्या बेअरशॉट क्लबकडे लोनवर (तात्पुरता उसना) गेला. इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगमधला पहिला सामना मिळाला एप्रिल 2022 मध्ये. जानेवारी 2023 मध्ये आर्सेनलने आधी 6 आणि मग 7 कोटींची बोली लावली. ‘मला जाऊ द्या’ असं त्याने इन्स्टाग्रामवर जाहीर लिहिलं, तरी क्लब हलला नाही. उलट विंडो बंद होईपर्यंत त्याला सुट्टीवर पाठवलं. मार्चमध्ये त्याच खेळाडूने 2027 पर्यंतच्या नव्या करारावर सही केली. ऑगस्टमध्ये त्याला विकत घ्यायला लिव्हरपूल आणि चेल्सी हे क्लब भिडले, तेव्हा भाव ब्रायटनने ठरवला आणि तो चेल्सीकडे गेला. यात कॉम्प्युटरचं काम पहिल्याच टप्प्यावर संपलं होतं.

आणि तिथेही तो चुकतोच. 2017-18 च्या डच लीगमध्ये 21 गोल करून अव्वल ठरलेला अलीरेझा जहानबख्श ब्रायटनने 1.7 कोटींना घेतला, तेव्हाचा क्लबचा विक्रम. तीन हंगामांत लीगमध्ये गोल किती? दोन. (त्यातला चेल्सीविरुद्धचा ओव्हरहेड किकचा गोल मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारा.)

सॉफ्टवेअरच सगळं करत असतं, तर चेल्सीने 2022 मध्ये ब्रायटनचा प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर आणि खेळाडू निवडणारा पॉल विन्स्टनली, अशी माणसं कशाला पळवली असती?

‘निव्वळ नफा’ हा तर हिशेबाचा घोळ. खरेदीची किंमत ताळेबंदात कराराच्या वर्षांवर विभागली जाते. पगार, एजंटची दलाली, फसलेल्या खरेद्या वेगळ्याच. शिवाय आधीच्या क्लबचा वाटा असू शकतो. पोर्तुगालच्या बेनफिका क्लबने एन्झो फर्नांडेस चेल्सीला 12.1 कोटी युरोंना विकला, पण त्याच्यावरचा 25 टक्के हक्क त्याच्या आधीच्या क्लबने, रिव्हर प्लेटने, स्वतःकडे ठेवलेला होता.

राहिलं ‘कुठल्याही क्लबला जमेल’. ब्रायटनला नाही म्हणता आलं, कारण मालक टोनी ब्लूमने क्लबला कोट्यवधी पौंडांचं बिनव्याजी कर्ज दिलं होतं. जानेवारीत रोकड उभी करायची घाई नव्हती. पण नुसतं ताणून धरूनही भागत नाही. साउथॅम्प्टन या दुसऱ्या इंग्लिश क्लबने 1.3 कोटींना आणलेला व्हर्जिल व्हॅन डाइक 2017 च्या उन्हाळ्यात सोडला नाही आणि जानेवारी 2018 मध्ये लिव्हरपूलला 7.5 कोटींना विकला. सौदा झकास. त्याच महिन्यात मोनॅकोहून 1.9 कोटींना स्ट्रायकर गिदो कारिय्यो आणला. साउथॅम्प्टनसाठी त्याने एकही गोल केला नाही. 2023 मध्ये क्लब खालच्या लीगमध्ये गेला, परत वर आला आणि 2025 मध्ये अवघ्या 12 गुणांवर पुन्हा घसरला.