स्कारबरो शोल कोणाचे, हे लवादाने ठरवलेले नाही
‘२०१६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण चीन समुद्रातील स्कारबरो शोल फिलिपिन्सला दिले’ असा मजकूर फिरत आहे. तो चुकीचा आहे. या उथळ प्रवाळभागावर चीन आणि फिलिपिन्स दोघेही हक्क सांगतात. १२ जुलै २०१६ चा निवाडा सागरी कायद्याच्या करारान्वये नेमलेल्या लवादाचा होता आणि मालकीचा प्रश्न त्याच्या अधिकारकक्षेतच नव्हता. भरतीच्या वेळी मोजकेच खडक पाण्यावर उरणाऱ्या या प्रवाळभागाभोवती, मालक कोणीही असो, १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्रच (म्हणजे मालक देशाच्या सार्वभौम हक्काचा सागरी पट्टा) मिळू शकतो, एवढे लवादाने स्पष्ट केले. चीनने २०१२ पासून फिलिपिनो मच्छीमारांना अडवणे बेकायदा ठरले, पण तेथील पारंपरिक मासेमारीचा हक्क चिनी मच्छीमारांनाही आहे, हे नमूद करूनच. निवाड्यातला हा माणुसकीचा भाग गाळला जाणे मला सर्वांत खटकते. चीनने हा निवाडा स्वीकारलेला नाही आणि तैवानचाही दावा कायम आहे.