गावच्या शाळेची गोष्ट गोड का लागते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तर दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गावच्या शाळेवरच्या हळुवार कथा म्हणजे नुसता साखरेचा पाक. त्यांत जात नाही, भूक नाही, छडी नाही. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून उसासे टाकायची सोय. याची सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीनं केली, त्यापेक्षा आनंद यादवांची ‘झोंबी’ वाचा.

‘झोंबी’ वाचावीच. पण ‘बनगरवाडी’ला (१९५५) या माळेत ओवू नका. तिथला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवतो, लोकांना हाताशी धरून तालीम बांधतो, आणि शेवटी दुष्काळात वाडीच उठून जाते. एवढं सगळं घडतं तरी माडगूळकर आवाज चढवत नाहीत. सूर मवाळ आहे, मजकूर मवाळ नाही.

तुमचा राग खरं तर दुसऱ्याच गोष्टींवर आहे, आणि तो रास्त आहे. मास्तर देवमाणूस, पाऊस ऐन वेळेवर, आणि निवृत्तीच्या दिवशी कलेक्टर झालेला विद्यार्थी येऊन पायांवर डोकं ठेवतो. असल्या गोष्टी दिवाळी अंकांत पैशाला पासरी मिळतात.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर शाळेतला पाण्याचा माठ बघावा. जुन्या काळची गोष्ट असेल तर दलित पोराला त्या माठाला हात लावता येत नसे. दुसऱ्या कुणी वरून ओतायचं, त्यानं ओंजळ धरायची. ओतणारा विटीदांडू खेळायला पळाला की तहान तशीच. जाणता लेखक हे एका वाक्यात सांगतो: मधली सुट्टी झाली, सगळे चिंचेखाली पळाले, एकजण माठापाशी ओंजळ धरून उभा राहिला. गोष्ट विटीदांडूकडे वळते, वाचक माठापाशीच अडकतो. त्यावर लेखकानं परिच्छेदभर भाष्य केलं की ते वाक्य मेलं. आणि माठच गाळला, तर मात्र तुमची टीका शंभर टक्के लागू.

आता ऊब कुठून येते ते. एकशिक्षकी शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर. चौथीला फळ्यावर गणितं घालून द्यायची, तिसरीला शुद्धलेखन, दुसरीला पाटीवर पाढे उतरवायला लावायचे, आणि मग मास्तर पहिलीकडे वळणार. तेही जमलं तर. नाहीतर चौथीतला एखादा थोराड पोरगाच पहिलीकडून बाराखडी घोकून घेणार. त्यामुळे चौथीची कविता पहिलीतल्या पोराच्या कानावर वर्षभर पडत राहते आणि तो चौथीत पोहोचेपर्यंत त्याची ती पाठ झालेली असते. कोणाला काय येत नाही, कोणाच्या पाटीची चौकट निखळलीय, कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही, हे सगळं सगळ्यांना ठाऊक. वाचकाला त्या खोलीत राहावंसं वाटतं ते यामुळे. कच्चा लेखक इथेच घसरतो. त्याचा मास्तर सगळ्या खोलीला एकच धडा शिकवतो, शहरातल्या तुकडीसारखा. मग राहिलेली पोकळी भरायला बोरं, चिंचा आणि ओल्या मातीचा वास लागतो.

भुकेचं म्हणाल, तर हजेरीपट पुरतो. माघ-फाल्गुनात ज्वारीच्या काढणीला अर्धा वर्ग रानात. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत तर दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर गेलेली पोरं उन्हाळ्यापर्यंत दिसत नाहीत. थोरली मुलगी धाकट्याला काखेत घेऊन वर्गात बसते, तो रडला की बाहेर, आणि एक दिवस बाहेर गेलेली ती परत आत येत नाही. एवढं आलं की गरिबीवर वेगळं व्याख्यान नको.

छडीबाबत मात्र तुमच्याही पुढे जाऊन बोलतो. छडी या गोष्टींत भरपूर असते, फक्त विनोदात. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार यांनी कथाकथन गावोगाव लोकप्रिय केलं. भरल्या सभागृहात सांगायची गोष्ट दर थोड्या वेळानं हशा मागते, आणि मार खाणारं पोरगं हे हशाचं हमखास गिऱ्हाईक. थोरांनी ते तोलून वापरलं. नकलाकारांच्या हातात उरला तो नुसता मार.

कोथरूडचा टोमणा जुना झाला. पुण्यात हे वाचणारे कितीतरी जण सातारा, सोलापूर, नगरकडून शिकायला नाहीतर नोकरीला आलेले. तपशील चुकला की पहिलं बोट तेच ठेवतात.

शेवटी तुम्ही काढलेली चूक. १९६१ साली घडणाऱ्या, गावच्या शाळेवरच्या एका गोष्टीत ‘चार आणे’ कसे, असं विचारलंत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले हे खरं, पण पंचवीस पैशांना लोक त्यानंतरही कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत. सोळा आण्यांच्या आणि चाळीस शेरांच्या मणाच्या हिशेबात मुरलेला मास्तर पावकी, निमकी, औटकी (पाव, अर्धा आणि साडेतीनचे पाढे) घोकून घेणारच. तेव्हा ते बरोबर आहे. चूक त्याच पानावर खाली आहे: पोराच्या दप्तरात बालभारतीचं पुस्तक. बालभारती स्थापन झाली जानेवारी १९६७ मध्ये, इथेच पुण्यात. १९६१ च्या दप्तरात अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारखं एखादं पुस्तक हवं होतं.