नुसतं 'भूत' म्हणू नका, कोणतं ते सांगा

हल्ली भुताचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पांढरी साडी, मोकळे केस, करकरणारं दार. मराठी मुलखातलं भूतही आता तसंच दाखवतात. आणि ज्यांना 'भूत' म्हणायला ओशाळल्यासारखं होतं ते 'निगेटिव्ह एनर्जी' म्हणतात. मला या सपाटीकरणाचा मनापासून राग आहे. आपल्याकडे भुताला भूत म्हणून कुणी सोडून देत नसे. मुंजा, समंध, हडळ, जखीण, लावसट, गिऱ्हा, खवीस, झोटिंग, देवचार, वीर, चेडा, हाकामारी, चकवा. नाव घेतलं की कोण मेलं, कोणत्या वयात मेलं, काय राहून गेलं आणि आता ते कुठे भेटेल, हे सगळं ऐकणाऱ्याला कळायचं. तो तपशील पुसला गेला की हाती फक्त भीती उरते, आणि अशा उघड्या भीतीवर वाटेल त्याला धंदा करता येतो.

मुंजाचंच बघा. मुंज झाली, पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपल्याचा विधी, होण्याआधी मुलगा गेला, तर तो मुंजा. मुंजीआधी गेलेल्या लहान पोराचे अंत्यविधी मोजकेच असतात. मुंज झाली की त्याला विधींचा अधिकार येतो, मात्र लग्न नाही, मूलबाळ नाही, म्हणजे पुढे त्याचं श्राद्ध घालणारं कुणी नाही. दोन उंबऱ्यांच्या मधोमध अडकलेला जीव. म्हणून तो पिंपळावर राहतो, घरात नाही आणि पार रानातही नाही, गावाच्या पारावर. तो फार त्रासही देत नाही. खडे मारतो, खोड्या काढतो, लग्नाचा हट्ट धरतो. आठ-दहा वर्षांच्या पोरानं जे करावं तेच. कित्येक ठिकाणी पिंपळाखालचा शेंदूर फासलेला दगड मुंजोबा म्हणून पुजला जातो. ज्या घरातलं पोर गेलं त्या घरानं त्याला ठेवायला जागा शोधली, असं मी त्या दगडाकडे बघून म्हणेन.

कोकणातल्या या भुतांची छापील यादी कशी झाली, हेही माहीत असावं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना लोकसमजुतींचा नाद होता. प्रश्नावल्या काढून त्या शाळामास्तरांकडे पाठवायच्या आणि मास्तरांनी आपापल्या गावची माहिती लिहून द्यायची, अशी रीत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ते हेच जॅक्सन. त्यांच्या मागे राहिलेली टिपणं एंथोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं लावली आणि त्यांतला कोकणचा भाग १९१५ साली मुंबईत छापला गेला. आज इंटरनेटवर 'कोकणातील भुतांचे प्रकार' म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं फिरून फिरून तिथूनच आलेलं असतं, फक्त त्या मास्तरांचा उल्लेख कुणी करत नाही.

ती यादी नीट वाचली की एक गोष्ट टोचते. बहुतेक भुतांना जात आहे. समंध निपुत्रिक ब्राह्मणाचा, खवीस मुसलमानाचा, झोटिंग कोळी-खारव्यांचा, वीर अविवाहित क्षत्रियाचा. बायकांना तर जातीच्या जोडीनं नवराही चिकटलेला. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. पुरुषाचं भूत काय राहून गेलं त्यावरून ओळखायचं आणि बाईचं भूत नवरा होता की नव्हता यावरून. मेल्यानंतरही गावानं कुणाला आपल्या जागेवरून हलू दिलं नाही. जातिव्यवस्था किती खोल गेली होती हे ज्याला पाहायचंय त्यानं ही यादी जरूर वाचावी.

हडळीपाशी मात्र थांबायला हवं. बाळंतपणात किंवा त्यानंतर दहा दिवसांच्या आत बाई गेली की तिची हडळ होते, अशी समजूत. समोरून देखणी, पाठीमागून नुसता सापळा, पावलं उलटी. आता ते दहा दिवस पाहा. बाळंतिणीचा रक्तस्राव जीव घेतो तो बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत. त्यातून वाचली तर जंतुसंसर्गाचा ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चढतो आणि आठ-दहा दिवसांत निकाल लावतो. वैद्यकातही बाळंतज्वराच्या जुन्या व्याख्येत पहिले दहा दिवसच धरलेले होते. गावाला जंतू माहीत नव्हते, पण बाई कोणत्या दिवसापर्यंत हातची जाते हे पिढ्यान्‌पिढ्या मोजून ठाऊक झालेलं होतं. पाचवी पुजायची, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा, बाळंतिणीच्या उशाशी कोयता किंवा विळा ठेवायचा, तिला एकटं सोडायचं नाही. यातल्या जागरणाचा तिला खरोखर उपयोग होत असणार. कोंदट, अंधारी खोली आणि मळकी जुनेरं यांनी मात्र घातच केला.

आणि ती मेली तर? प्रेतामागून वाटेवर राळे किंवा मोहरी पेरत जायचं. तिला परत यायचं असेल तर दाणा न् दाणा वेचावा लागेल, आणि तेवढ्यात उजाडेल. घराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळा. बारीक पिवळे राळे, मुठीतून सुटणारे, मातीत मिसळून जाणारे. तान्हं पोर घरात रडतंय, आणि त्याच्याकडे परत येऊ पाहणाऱ्या आईला अडवायला घरचीच माणसं वाटेवर धान्य सांडत चालली आहेत. हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग हडळीची थट्टा करा. मला तरी ती करवत नाही.

दहाव्याचा कावळाही याच जातकुळीतला. घाटावर भाताचा पिंड मांडलेला, सगळे लांब उभे. कावळा शिवला नाही की एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागतो. 'धाकटीचं लग्न आम्ही करू', 'जमीन विकणार नाही', 'आईला सांभाळू'. एरवी भावाभावांत जी वाक्यं वर्षानुवर्षं निघत नाहीत ती तिथं चारचौघांत निघतात. अगदीच नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. हे झालं की माणूस सुटला. न झालं तर इच्छा अडकली, आणि अडकलेल्या इच्छेलाच पुढे भुताचं नाव मिळतं.

चकवा आणि गिऱ्हा ही मंडळी निराळी. ती जागेला बांधलेली असतात आणि तिथला धोका सांगतात. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडाशी येतो. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २००९ मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना घनदाट जंगलात सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर ती सरळ गेली. आभाळ भरलं तेव्हा गोल फिरली, आपल्याच वाटेला छेद देऊन गेली, आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळे बांधून चालवलं तर काहींचं वर्तुळ २० मीटर व्यासाहूनही लहान पडलं. दूरची एकही खूण दिसत नसली की दिशेच्या अंदाजातली बारीकशी चूक साठत जाते. जुनी माणसं यावर काय सांगत? चकवा लागलाय असं वाटलं की चालू नकोस, आहेस तिथं बस, तंबाखू मळ, उजाडू दे. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे.

गिऱ्हा पाण्यातला. बुडून मेलेल्याचा. तो पाणी उथळ भासवतो आणि माणसाला आत ओढतो. सरळ खाली पाहिलं तरी पाण्याची खोली खऱ्याच्या पाऊणपटच दिसते, चार फूट असेल तर तीन. काठावरून तिरपं पाहिलं तर त्याहूनही कमी. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. 'या कोंडीत गिऱ्हा आहे' हे वाक्य मला पाण्याकाठच्या धोक्याच्या पाटीसारखं वाटतं. आता पाटी लावा, पण ती जुनी गोष्टही पोरांना सांगत राहा, कारण पाटी कुणी वाचत नाही.

भुतं बदलतातसुद्धा. त्या १९१५ च्या टिपणांत देवचार वाईट मृतांच्या यादीत आहे. आज सिंधुदुर्गात आणि गोव्यात तोच राखणदार. हातात दांडा, खांद्यावर कांबळं, रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची, दारू द्यायची. वेताळ तर भुतांचा राजा, आणि वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तो वेतोबा होऊन ग्रामदैवत झाला. तिथं नवसाला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या चपला. माणसाच्या पायात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या. देव रात्रभर गावाची राखण करत चालतो आणि चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. ज्याची भीती वाटते त्याला गावचा पहारेकरी नेमायचं, हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

हे सगळं जपावं असं म्हणणाऱ्यानं पुढचंही तितक्याच मोठ्यानं म्हटलं पाहिजे. 'हिला धरलंय' म्हणून जिवंत बाईला बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं, चटके देणं, केस उपटणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ही कृत्यं अशी एकेक करून लिहिलेली आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं, तेही यातच येतं. हा कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, आधी वटहुकूम म्हणून, आला. केवढी किंमत मोजून आला हे विसरू नये. भजन, कीर्तन, वारी, घरातले धार्मिक विधी यांना त्यात हात लावलेला नाही, त्यामुळे 'कायदा धर्माविरुद्ध आहे' ही ओरड करणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

रात्री जाग येते, छातीवर कुणीतरी बसलंय, ओरडता येत नाही, बोटही हलत नाही. असं कुणी सांगितलं तर त्याला भगताकडे नेऊ नका, आणि वेड्यातही काढू नका. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल करून ठेवलेले असतात. मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. काही सेकंद ते दोन-चार मिनिटं टिकतं. अपुरी झोप आणि उताणं निजणं यांनी वाढतं. आयुष्यात एकदा तरी हे अनुभवणारे साधारण १०० पैकी ८ जण असतात. कुशीवर झोपा, झोपेची वेळ पाळा, वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्यांच्या घरी अजून ऐंशी-नव्वदीची माणसं आहेत त्यांना एक विनंती. या गोष्टी त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या. 'तुम्ही भूत पाहिलंय का?' असं विचारू नका, 'छे, काही नाही' किंवा सिनेमातली गोष्ट ऐकायला मिळेल. 'तुमचा विश्वास आहे का?' असंही नको, माणूस लगेच सावध होतो. जागेपासून सुरुवात करा. रात्री कुठून जायचं नाही म्हणायचे? कोणतं झाड, कोणती कोंड, कोणती तिठी? तिथं कोण होतं, कसं गेलं? अमावास्येला काय ठेवायचे, किती, कुणी ठेवायचं? बोलतील तो शब्द तसाच लिहा, मालवणी असेल तर मालवणीत, त्याची पुस्तकी मराठी करू नका. मेलेल्याच्या घरची माणसं गावात असतील तर आडनाव गाळा. आणि शेवटी विचारा, ते दिसायचं कधी थांबलं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, रस्त्यावर विजेचे खांब आले तेव्हा. त्या खांबांचं साल लिहून ठेवा.