बाकावरचे पंच

"पंधरा-दोन," बाकावरून आवाज आला.

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात सरावाच्या लढतींना गुण नसतात. पाच मिनिटं एकमेकांना गुंडाळायचं, कुणी टॅप केलं, म्हणजे हात आपटून शरण आलं, की हात मिळवून पुन्हा सुरू करायचं, घंटा झाली की जोडीदार बदलायचा. जिथे कुणी हिशेब ठेवत नाही अशा ज्या थोड्या जागा उरल्यात त्यातली ही एक, असा माझा समज होता. पण नातवाला सोडायला येणारे एक काका चपलांच्या रॅकशेजारच्या बाकावर बसून असतात. निवृत्त हिशेब तपासनीस. गी, म्हणजे आमचा जाड सुती पोशाख, त्यांनी आयुष्यात अंगाला लावलेला नाही, मात्र गुणांचे नियम तोंडपाठ केलेत आणि वही घातली आहे.

"कसले पंधरा?"

"लिहून ठेवलंय ना. तुम्ही वर होतात, त्यानं खालून उलटवलं. स्वीप, दोन. तुमचे पाय ओलांडून बाजूला आला, गार्ड पास, तीन. पोटावर गुडघा ठेवला, दोन. मग अंगावर स्वार झाला, माउंट, चार. तुम्ही घाबरून पालथे झालात, त्यानं पाठ घेतली, आणखी चार. करा बेरीज."

"घाबरून नाही, ठरवून."

"त्याला वेगळे गुण नाहीत."

"बरं, आणि माझे दोन?"

"तुमच्या एका स्वीपचे. खरं तर वर आल्यावर तीन सेकंद टिकावं लागतं. तुम्ही अडीच टिकलात. पण म्हटलं, असू दे."

पंधराचं मला काही वाटलं नाही. समोरचा विशीतला होता, दमत नाही आणि वाकतोही कुठूनही. पण ते 'असू दे' अजून पोटात आहे. त्यावर कडी म्हणजे वही मिटून काका म्हणाले, "मग स्पर्धेत कधी उतरताय?"

हा प्रश्न हौशी माणसाला सगळे विचारतात. रविवारी टेकडी चढणाऱ्याला कुणी 'एव्हरेस्टचं काय ठरलं' म्हणत नाही. आम्ही मात्र कॉलर धरायला शिकलो की लगेच पदकाची चौकशी. उत्तर टाळावं म्हणून मी वजनाचा विषय काढला, आणि पुढचा पाऊण तास तिथेच अडकलो.

"वजन किती तुमचं?"

"ऐंशी."

"मग ७६ च्या गटात उतरा. खालच्या गटात तुम्ही दांडगे दिसाल."

"काका, ऐंशी आहे."

"चार किलो म्हणजे काय हो! दोन दिवस पाणी तोडायचं. सगळे तोडतात."

काही खेळांत तोडतात, कारण तिथे वजन आदल्या दिवशी होतं आणि रात्रभर पाणी पिऊन माणूस पुन्हा टवटवीत होतो. आयबीजेजेएफ, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत काटा लढतीच्या जरासा आधी असतो आणि त्यावर गी घालून उभं राहावं लागतं. पुरुषांचे गट ५७.५, ६४, ७०, ७६, ८२.३, ८८.३, ९४.३ आणि १००.५ किलो, त्यापुढे खुलं आकाश. हे सगळे आकडे गीसकट. गीचं वजन साधारण दीड ते दोन किलो, म्हणजे ऐंशीचा मी काट्यावर ब्याऐंशीच्या आसपास. ७६ साठी चार नाही, सहा किलो घालवायचे, आणि काट्यावरून उतरून जेमतेम पाण्याचा घोट घेऊन मॅटवर जायचं. सुकवलेल्या शरीराची पकड आधी जाते, मग पोटऱ्यांत गोळे येतात. काटा दुसरी संधी देत नाही. शंभर ग्रॅम जास्त भरलात तरी बाद, आणि शुल्क गेलं ते गेलंच.

एवढं सांगितल्यावर काका गप्प बसतील असं वाटलं. त्यांनी वही उघडली.

"गी हलका घ्या. पातळ विणीचा मिळतो. अर्धा किलो तिथे वाचला."

हे बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

"लढतीआधी जाऊन या. तोही धरा."

"धरला."

"नखं कापा."

"नखं नियमानंच कापावी लागतात."

"मग तेही आलं. केस?"

"केसांचं काय?"

"उतरवा."

माझ्या डोक्यावर जे काही टिकून आहे त्याची कोणताही काटा दखल घेणार नाही, हे त्यांना समोरून स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी वहीत 'केस' असं लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पेनाचं टोपण लावलं.

त्यांना न सांगितलेली गोष्ट अशी की नुसत्या वजनावर भागत नाही. काट्याच्या सुमारासच गीची तपासणी होते. गी पांढरा, निळा किंवा काळा. वरचा आणि खालचा एकाच रंगाचा. हात समोर सरळ धरले की बाही मनगटापासून पाच सेंटिमीटरपेक्षा वर नको, आणि बाहीत सात सेंटिमीटर मोकळी जागा हवी. सुती कापड गरम पाण्यात आटतं. त्यामुळे दुकानात अंगाला बेतलेला गी चार धुण्यांनंतर नापास होऊ शकतो, आणि हे कळतं ते मोजपट्टी समोर आल्यावर. फाटका गी चालत नाही. थंड पाण्यात धुतलेला दुसरा गी पिशवीत ठेवावा. फोटो असलेलं मूळ ओळखपत्रही ठेवावं, झेरॉक्सवर कुणी आत सोडत नाही.

मला सगळ्यात भीतीदायक वाटतो तो बोलक्या टॅपचा नियम. कुलूप लागलेलं असताना, म्हणजे हात किंवा गळा अडकलेला असताना, वेदनेचा आवाज तोंडातून निघाला तर ती शरणागती धरतात. हात आपटायची गरज नाही. आता आपल्याकडे 'आई गं' हे खुर्चीतून उठतानाही निघतं. आर्मबारमध्ये कोपर ताणलेलं असताना ते गिळून ठेवायचं म्हणजे वेगळाच सराव लागणार. कोच तो घेत नाहीत.

बाकी सरावातही हौशी माणसाची एक मोठी फट असते. वर्गात गर्दी आणि मॅट लहान, म्हणून लढती बहुतेक गुडघ्यांवरून सुरू होतात. स्पर्धा उभ्यानं सुरू होते. वर्षानुवर्षं बसून खेळलेला माणूस एकदम उभा राहतो आणि आपण आयुष्यात कुणाला पाडलेलं नाही हे त्याला पंचांच्या इशाऱ्यानंतर आठवतं. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपतो, इथे मात्र समोरच्याची कॉलर नि बाही धरून आपणहून खाली बसता येतं. गार्ड पुल. त्यात कुणाला गुण नाहीत आणि कुणाचा अपमानही नाही (घरचे बघायला आले असतील तर दुसरं खरं नाही). पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पट्ट्यावाल्यांना उडी मारून पाय गुंडाळायला बंदी आहे. तेव्हा उतरायचंच असेल तर आधीचे दोन महिने प्रत्येक सरावात निदान दोन लढती उभ्यानं खेळाव्यात. पाडण्याचा एक डाव, खाली बसण्याची एक रीत, गार्ड ओलांडण्याचा एक मार्ग आणि माउंटमधून सुटण्याचा एक उपाय, एवढंच घोटावं. शेवटच्या आठवड्यात जोराच्या लढती बंद. जिंकण्याच्या नादात बोट मुरगळण्याची हीच वेळ असते.

मग तो दिवस. वेळापत्रकातली वेळ अंदाजाची असते, त्यामुळे आपण दोन तास आधीपासून जाऊन बसतो. शरीर तापवावं आणि नाव पुकारलं जाऊ नये, निवलं की पुकारावं, असा तिथला क्रम. थंड अंगानं मॅटवर गेलं तर पहिल्या मिनिटभरात माणूस भीतीपोटी गी इतका आवळून धरतो की मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगड होतात आणि बोटं उघडत नाहीत. ही दमछाक छातीची नसते, मुठीची असते. उपाय नाव पुकारण्याआधीचा: घाम फुटेपर्यंत हलकी झटापट करून घ्यायची, म्हणजे हात एकदा भरून येऊन मोकळे झालेले असतात. लढत सुरू झाल्यावर कोपऱ्यातून कोच कितीही ओरडले तरी मूठ सैल होत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? पाच मिनिटांसाठी. पांढऱ्या पट्ट्याला पाच मिनिटं, त्याच्या वरच्या, तिशी ओलांडलेल्या निळ्यालाही पाचच. बाद पद्धत असल्यामुळे सोळा जणांच्या गटातले आठ जण पहिल्या लढतीनंतर पिशवी भरतात. नाव नोंदवायचं, पहाटे उठायचं, अर्धपोटी बसायचं, गी मोजून घ्यायचा, आणि चाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी गळा आवळून मोकळं करायचं. एवढ्या पैशांत आणि वेळात वर्गात कितीतरी लढती झाल्या असत्या, आणि हरल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या.

तरीही उतरावं, या बाजूनं एक खरं कारण आहे. वर्गातले लोक आपल्याला सांभाळून घेतात. कोपर ताणलं की सोडतात, आपला लाडका डाव त्यांना माहीत असतो आणि दमलो की तेही दमल्यासारखं करतात. अनोळखी माणूस यातलं काहीच करत नाही. आपला डाव खरा आहे की शिष्टाचारावर चाललाय, हे तिथे कळतं. ज्याला हे जाणून घ्यायची खाज आहे त्यानं जवळच्या स्पर्धेत, आहे त्या वजनात, लवकर टॅप करायची शपथ घेऊन एकदा उतरावं. ज्याला ती नाही त्यानं गप खेळावं. पण त्याला तसं खेळू देत नाहीत. 'स्पर्धा नाही म्हणजे पट्ट्याला अर्थ नाही' असं म्हणणाऱ्यांना सोमवारी सकाळी कामाला जायचं नसतं, किंवा सुजलेल्या बोटांनी कळफलक बडवायचा नसतो. पट्टा देतात कोच, स्पर्धा नाही. पट्ट्यासाठी स्पर्धा खेळलीच पाहिजे असा आयबीजेजेएफचा नियम नाही. उलट स्पर्धेसाठीच वर्षानुवर्षं निळ्यात मुक्काम ठोकणारे लोक आहेत, त्यावरच्या जांभळ्याच्या लायकीचे, खालच्या पट्ट्यात पदकं गोळा करणारे. त्यांना सँडबॅगर म्हणतात आणि त्यांच्या गळ्यात पदक घालताना सगळे हसतात. पण कच खाल्ली असं म्हणायचं आम्हाला.

पदकांचंही एक बघण्यासारखं आहे. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य देतात. चौघांच्या गटात एकही लढत न जिंकता माणूस पायऱ्यांवर उभा राहतो. दोघांच्या गटात तर हरलेल्याला रौप्य. लहान स्पर्धांत आयोजक कधी अशा दोघांना तीनपैकी दोन खेळवतात, म्हणजे एकाच माणसाकडून एकाच सकाळी दोनदा हरण्याची सोय.

नोंदणीची यादी मी पाहिली आहे. नुसती पाहिली आहे. पट्टा निळा, गट ८२.३, वय मास्टर दोन, म्हणजे ३६ ते ४०. वय जन्मसालावरून धरतात, वाढदिवस कधीही असो. तिथे सध्या एकच नाव आहे. तो छत्तिशीचा आहे की चाळिशीचा, हे यादीत लिहिलेलं नाही, आणि आयोजकांना विचारलं तर ते कशासाठी विचारताय म्हणून विचारतील.