जुन्या सामुराईपटांना ब्ल्यू-रे कशाला?

जपानी सिनेमाचा विषय निघाला की एक दावा हमखास ऐकू येतो: १९५०-६०च्या दशकांतले सामुराईपट डीव्हीडीवर पाहिले तरी पुरे, ब्ल्यू-रे आणि फोर-के या जास्त बारीक चित्राच्या डिस्क म्हणजे पैसे वाया, कारण त्या काळच्या कॅमेऱ्यात एवढं बारीक टिपलंच जात नव्हतं. हे साफ चूक आहे.

हे चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाले. तिच्या एका चौकटीत डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ ठिपक्यांत मावणार नाही इतका तपशील असतो. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’मधली (१९५४) अखेरची लढाई आठवा. करडा पाऊस, करडा चिखल, त्यात लडबडलेली माणसं आणि घोडे. डीव्हीडीवर हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि कोण कुठून धावतंय तेच कळेनासं होतं. रंगाचा आधार नसल्यामुळे कृष्णधवल चित्रपटाची सगळी भिस्त छटांवर असते. म्हणजे चांगल्या डिस्कची गरज त्यालाच जास्त!

एक मात्र खरं: मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्म, उरली नसेल, तर फोर-के गेलेला तपशील परत आणत नाही. कुरोसावांच्याच ‘राशोमोन’चं २००८ सालचं पुनरुज्जीवन १९६२मध्ये काढलेल्या प्रिंटवरून करावं लागलं. म्हणून वेष्टणावरच्या आकड्याआधी स्कॅन कशावरून केलं ते बघावं.

असेच आणखी काही समज. ‘चित्रात बारीक दाणे दिसतात, म्हणजे डिस्क खराब.’ नाही, ते दाणे म्हणजेच फिल्म. ते पुसून काढले की चेहरे मेणाचे दिसू लागतात.

‘वरखाली काळ्या पट्ट्या, म्हणजे चित्र कापलंय.’ उलट आहे. ‘योजिम्बो’ (१९६१) तोहोस्कोप या रुंद चौकटीच्या पद्धतीत आहे आणि त्यात दोन टोळ्या रस्त्याच्या दोन टोकांना उभ्या ठाकतात. पडदा भरायला चित्र मोठं केलं, तर कडेची माणसंच गायब होतील.

‘डीव्हीडीवर “सेव्हन सामुराई” आठ मिनिटांनी कापलाय.’ परदेशात पूर्वी कापलेल्या आवृत्त्या फिरल्या, त्यामुळे शंका रास्त आहे. पण पाल या टीव्हीपद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून २०७ मिनिटांचा चित्रपट सुमारे १९९ मिनिटांत संपतो. एकही दृश्य न कापता.

राहता राहिलं ‘परदेशी डिस्क आपल्याकडे चालत नाहीत’. ब्ल्यू-रेपुरतं हे अर्धं खरं. या डिस्कसाठी जगाचे तीन विभाग पाडलेत: भारत सी विभागात, अमेरिका आणि जपान ए, ब्रिटन बी. विभागाचं कुलूप असलेली डिस्क आपल्या प्लेअरवर अडते. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना मात्र असा विभागच नसतो. फक्त प्लेअर त्या प्रकारचा हवा.