अडीच तास खाल्ले असं लिहिलंत, त्याबद्दल

नमस्कार ताई,

आमच्या भाड्याच्या कॅम्परव्हॅनबद्दलचा (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) तुमचा रिव्ह्यू वाचला, दोन स्टार दिलेत. गोव्यात केरीच्या किनाऱ्यावर रात्री एसी बंद पडला, आजींना आणि मुलांना उकाड्यात झोप लागली नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. मे महिन्यात किनाऱ्यावरची रात्र कशी चिकट असते ते आम्हाला इथे राहून माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी संपलं, तोही त्रासच झाला, तुमची कॅम्परव्हॅनची पहिलीच ट्रिप होती आणि ती अशी व्हावी असं मला कसं वाटेल.

पण तुमचं पहिलंच वाक्य, 'गाडी देताना मालकाने लेक्चर देऊन आमच्या भाड्यातले अडीच तास खाल्ले', ते मात्र मनाला फार लागलं, कारण ते खरं नाही. आपलं ठरलं होतं सकाळी १० वाजता. तुमची ट्रेन लेट झाली, त्यात तुमचा काही दोष नाही, तुम्ही १२ ला म्हापशाला पोचलात आणि आम्ही दोघं १० पासून गाडी धुऊन, टाकी भरून, चादरी घालून तयार बसलो होतो. भाडं आम्ही चावी हातात दिल्यापासून मोजतो, ठरलेल्या वेळेपासून नाही. तुमच्या पावतीवर २ वाजून ४० मिनिटं लिहिलंय, खाली गाडी चालवणाऱ्या सरांची सही आहे. म्हणजे जे तास मी खाल्ले म्हणता त्यांचा एक रुपयासुद्धा तुम्हाला लागलेला नाही. आणि त्यातला बराच वेळ जेवणात गेला. आजी प्रवासाने दमल्या होत्या म्हणून माझ्या बायकोने सगळ्यांना भात, कढी, तळलेले बांगडे वाढले. ते आम्ही प्रेमाने केलं, त्याचा हिशोब मला मांडायचा नाही, पण तोच वेळ 'लेक्चर' म्हणून लिहिलेला वाचून तिलाही वाईट वाटलं.

आता त्या लेक्चरमध्ये काय होतं ते इथे लिहितो, म्हणजे पहिल्यांदा कुटुंब घेऊन अशी गाडी काढणारे जे कोणी हे वाचतील त्यांनाही कळेल की मी एवढा वेळ का घेतो. एसीचंच बघा. आतली बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची आहे, म्हणजे पूर्ण चार्ज असली तरी त्यात साधारण २.४ युनिट वीज. एसी तासाला एक-सव्वा युनिट खातो. म्हणजे नुसत्या बॅटरीवर तो दोन तासही धड चालत नाही, आणि त्याच बॅटरीवर फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप सगळं आहे. रात्रभर एसी पाहिजे असेल तर बाहेरून वायर जोडायला मिळेल अशाच ठिकाणी मुक्काम करायचा, सुरूच्या झाडांखाली नाही. हे मी इन्व्हर्टरसमोर उभं राहून सांगत होतो तेव्हा सरांना ऑफिसचा कॉल आला, मी थांबलो, कॉल झाल्यावर परत सांगितलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात की चला आता, सनसेट चुकेल. आणि आता रिव्ह्यूत खाली लिहिलंय की 'एसीबद्दल कोणी काही सांगितलं नाही'. ताई, जो वेळ तुम्हाला वाया गेलेला वाटतो, त्याच वेळात मी हे सांगत होतो.

पाण्याचंही तसंच. टाकी १०० लिटरची आहे. घरच्यासारखी आरामात अंघोळ केली तर एका माणसाला २५-३० लिटर सहज लागतात, मग भांडी, हात धुणं, टॉयलेट. पाच माणसांना टाकी एक दिवस पुरवायची तर अंग ओलं करायचं, शॉवर बंद, साबण लावायचा, मग परत सुरू. मोठी टाकी बसवा असं तुम्ही सुचवलंत, पण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, ते घेऊन गाडीला चढ चढायचे असतात आणि ब्रेकही लागायला पाहिजेत.

आजींना चालत्या गाडीत मागच्या बेडवर झोपू दिलं नाही म्हणून मी 'कडक' आहे असं लिहिलंत. त्यात मी कडकच राहणार. गाडी चालू असताना प्रत्येकाने बेल्टच्या सीटवर बसायचं, बेडला बेल्ट नाही, रस्त्यात अचानक गाय आडवी आली आणि सरांनी कचकन ब्रेक मारला तर बेडवरचं माणूस सरळ किचनच्या ओट्यावर येऊन आदळेल. ड्रॉवरचे लॉक मी पुन्हा पुन्हा लावून दाखवले तेही यासाठीच. आणि मुलांची चटई मी ज्या जाळीवरून काढायला लावली ती हवेची जाळी नाही, गॅसची आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर साचतो, त्या जाळीतून बाहेर जातो, ती झाकली तर गेला कुठे? यात घाई कशी करू, आत मुलं झोपणार आहेत.

फेरीबोटीने नदीपलीकडे तेरेखोलला जाऊ दिलं नाही हीसुद्धा तक्रार आहे. केरीहून समोर किल्ला दिसतो आणि पलीकडे जाता येत नाही, हे वाईट वाटतं ते मला कळतं. पण आपल्या गाडीची शेपटी मागच्या चाकांच्या बरीच बाहेर आहे, ओहोटीला धक्क्याचा उतार वाढतो तेव्हा चढता-उतरता ती खाली घासते आणि खाली सांडपाण्याच्या टाकीचा पाइप आहे. किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, रेडीवरून रस्ता आहे, तो मी कागदावर काढून दिला होता, वाटेत रेडीचा गणपतीही झाला असता. सरांचं लायसन्स आहे, साध्या कारच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते हे बरोबर, पण वळताना शेपटी बाहेर फेकली जाते, मांद्रे-हरमलकडे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, वर लोंबणाऱ्या वायरी आणि आंब्याच्या फांद्या. म्हणून मी मैदानात राउंड मारायला लावले. सर छान चालवत होते, परत आली तेव्हा गाडीवर एक ओरखडा नव्हता, त्याबद्दल त्यांचे आभार.

आणि रात्री पाऊण वाजता तुमचा फोन आला तो मी पहिल्याच रिंगला उचलला, छताचा पंखा कसा उलटा फिरवायचा ते सांगितलं, सकाळी पाण्यासाठी ओळखीच्या घरी नळ मिळवून दिला. परत येताना तुम्हाला सव्वादोन तास जास्त लागले, त्याचे पैसे मी मागितले नाहीत, आताही मागत नाही. यातलं काहीच रिव्ह्यूत नाही.

आमची ही एकच गाडी आहे, लोनवर घेतलेली, पडदे-गाद्या सगळं बायकोने घरी शिवलंय. जूनमध्ये पाऊस लागला की गाडी बहुतेक उभीच असते, वर्षाचे हप्ते उन्हाळ्यात आणि डिसेंबरात निघायला लागतात. तुमचा रिव्ह्यू वाचून काही जणांनी फोन करून विचारलं की तुम्ही टाइम वाया घालवता का हो, आणि मग बुकिंग केलं नाही. म्हणून एवढं लांब लिहिलं, राग मानू नका.

पुढे सगळी माहिती व्हिडिओ करून बुकिंग झाल्यावर आधीच पाठवायचा विचार चालू आहे, मोठा पंखा पण बघतोय. तरी समोर उभं राहून दाखवणं मी बंद करणार नाही, पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाला तर नाहीच.

एसीचं, उकाड्याचं जे लिहिलंत ते राहू दे, तो तुमचा अनुभव आहे. फक्त ती भाड्यातले तास खाल्ल्याची ओळ तेवढी बदलाल का? पावतीचा फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर परत पाठवलाय, वेळ आणि सही दोन्ही स्पष्ट दिसतंय. आजींना नमस्कार सांगा.